हात काढले

१

मीटरवर आकडा आधीच आला होता.

तिनं अजून फक्त चिमटे लावले होते. ट्रान्सफॉर्मरच्या टोकाच्या दोन तारांना एकेक चिमटा, मीटरचा खटका एसीवर, बस. आता उठायचं, बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बटण दाबायचं आणि परत येऊन बघायचं, असा तिचा बेत होता. खुर्ची अजून मागेही सरकवली नव्हती आणि मीटरच्या करड्या काचेत एकोणचाळीस उभे होते. लुकलुकत नव्हते, खालीवर होत नव्हते. प्रश्न विचारायच्या आधीच कोणीतरी उत्तर देऊन मोकळं व्हावं, तसे.

ती दचकली. दचकली की तिच्या मुठी आवळल्या जात, ही लहानपणापासूनची खोड. हातात कप असो, कोणाचं मनगट असो, ते आवळलंच जायचं. सोडायचं म्हटलं तरी बोटं ऐकायची नाहीत. आत्ता हातात स्क्रूड्रायव्हर होता. त्याची मूठ तळव्यात रुतली.

मग तिनं डोकं चालवायला घेतलं. आकडा आहे म्हणजे वीज आहे. वीज आहे म्हणजे बटण चालू आहे. बटण चालू आहे म्हणजे कोणीतरी ते दाबलंय, किंवा आपणच मघाशी दाबून विसरलोय. कुलूप नीट लागलं का हे बघायला जी मुलगी अर्ध्या रस्त्यातून परत येते, तिनं बटणाची खात्री कशाच्या जोरावर द्यायची?

पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. बटण चालू होतं.

"आई, बाबांचं बटण तू दाबलंस का गं?"

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पाठ न वळवता म्हणाली, "मी त्या बटणाला हात लावत नाही. तुला माहितेय."

तुला माहितेय. हे दोन शब्द तिनं अशा काही सुरात टाकले, की भांड्यांचा आवाज थांबल्यावरही ते हवेत लोंबकळत राहिले.

तिनं बटण बंद केलं. परत येऊन पाहिलं. मीटरवर शून्य होतं, अगदी गरीब गाईसारखं.

२

बाबांच्या टेबलाला प्लग नव्हताच. पॅसेजमधल्या बटणापासून निघालेली तार भिंतीतल्या भोकातून खोलीत यायची आणि टेबलाच्या मागच्या कडेला दोन पितळी स्क्रूंवर संपायची. जे काय तपासायचं ते त्या स्क्रूंना जोडायचं. जन्मभर लोकांचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले आणि उतारवयात घरच्या घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचं वेड लागलं, असा तो माणूस. ट्रान्सफॉर्मरसुद्धा विकतचा नको. तांब्याची तार आणून, हातानं यंत्र फिरवत, थरांमध्ये कागद घालत स्वतः गुंडाळायचे. "विकतच्यात गाणं वाजतं," म्हणायचे, "माझ्यात बसून ऐकता येतं."

बटण मात्र बाहेर, आणि तेही उंचावर. कारण ती. रांगायला लागल्यापासून दिसेल ते बटण दाबायची. म्हणून बाबांनी ते तिच्या हाताला लागणार नाही अशा जागी नेलं, आणि ती रुसली म्हणून तिथवर पोचायला तिलाच एक लाकडी स्टूल करून दिलं. असा त्यांचा हिशेब. स्टुलाचा एक पाय आखूड झाला होता. त्यावर चढलं की तो खट्‌ वाजायचा.

तेव्हापासून घरात एक खेळ होता. खेळ म्हणजे नियमच, पण नियमासारखा कधी वाटला नाही. बाबा स्क्रू पिळता पिळता आतून हाक मारायचे, "तिकडे कोण आहे?" असेल तिथून ती धावत यायची, खट्‌ आवाज करत स्टुलावर चढायची आणि म्हणायची, "मी आहे." मग बाबा म्हणायचे, "हात काढले." मग ती म्हणायची, "लावते." आणि टक्‌.

चार वाक्यं. त्यात बदल नाही. घरात कोणी नसेल तर बाबा काम सुरूच करायचे नाहीत. वर्तमानपत्र वाचत बसायचे.

एकदाच बिघडलं होतं. ती पळत आली, "मी आहे" म्हणाली आणि उत्साहाच्या भरात लगेच बटण दाबून मोकळी झाली. आतून चटका बसल्यासारखा आवाज आला. बाबा बाहेर आले ते पांढरेफटक. त्यांनी तिला स्टुलावरून उचलून खाली ठेवलं, ओरडले मात्र नाहीत. "मधलं वाक्य माझं आहे," एवढंच म्हणाले. "ते आल्याशिवाय तुझं बोट हलायचं नाही."

पुढे ती मोठी झाली. हात पोचायला लागला, स्टूल माळ्यावर गेलं. पण "तिकडे कोण आहे"ला "मी आहे" हे तिच्या तोंडात असं बसलं होतं, की ती झोपेतही उत्तर द्यायची. दादा त्यावरून तिला किती चिडवायचा.

आज ते आठवून हसू येत नव्हतं.

३

"दचके, झालं का तुझं संशोधन?" दादा दारात उभा होता. बूट घालूनच. हल्ली तो या खोलीत बूट घालूनच यायचा, जणू ही घराच्या बाहेरची जागा. "संध्याकाळी भंगारवाला येतोय. टेबल, लोखंड, तारा, सगळं नेणार आहे. पुढच्या महिन्यात ही खोली मला हवी."

"तुला की वहिनीला?"

"लग्न झाल्यावर वहिनी म्हण. आत्तापासून कशाला तिला शिव्या देतेस."

"मी कुठं शिव्या दिल्या?"

"तुझ्या तोंडून 'वहिनी'सुद्धा शिवीच वाटते." तो टेबलाजवळ आला आणि ट्रान्सफॉर्मरकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि याला कशाला कुरवाळत बसलीयेस? याच्यानंच गेले ते."

दादाचं हे वाक्य ठरलेलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी बाबा या खुर्चीतून खाली पडलेले सापडले, तेव्हापासून आल्यागेल्याला त्यानं हेच सांगितलं. बाबांनी स्वतःच बटण चालू केलं, येऊन बसले, ट्रान्सफॉर्मर आतून फुटका निघाला आणि वीज नको तिथे आली. घरगुती काम, दुसरं काय होणार. लोक चुकचुकायचे. बाबांनी आयुष्यभर ज्या कामात नाव मिळवलं, त्याच कामाला दोष देऊन सगळे चहा पिऊन निघून जायचे.

आणि तिला, लाज वाटली तरी, ते खरं ठरायला हवं होतं.

कारण दुसरी शक्यता एकच होती. ट्रान्सफॉर्मर चांगला असेल, तर बाबांचे हात पितळी स्क्रूंवर होते आणि बाहेरून कोणीतरी बटण दाबलं. बाबा चालू लाईनला हात लावणाऱ्यातले नव्हते. आणि घरात कोणी नसताना ते कामाला लागत नसत. म्हणजे कोणीतरी "मी आहे" म्हटलं होतं. दादा ऑफिसात होता. आई बाजारातून परत येत होती. ती स्वतः गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती.

निदान तिला तरी तसंच आठवत होतं.

"तपासते आणि देते तुला," ती म्हणाली. "तू म्हणतोस तसा फुटका निघाला तर माझ्या हातानं भंगारात टाकीन."

"आणि नाही निघाला तर?"

तिनं मीटरचे चिमटे पुन्हा उचलले. दादा घड्याळ बघत निघून गेला. त्यालाही उत्तर ऐकायचं नसावं.

४

बाबांची एक रीत होती. नवा किंवा संशयाचा ट्रान्सफॉर्मर थेट विजेवर लावायचा नाही. वाटेत एक साधा बल्ब जोडायचा. आत तारेला तार चिकटली असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि सगळं पितळ उघडं पडतं. ट्रान्सफॉर्मर निर्दोष असेल तर बल्ब विझलेलाच राहतो. "ही खरी परीक्षा," ते म्हणायचे. "बाकी आकडे काय, आकडे गोड बोलतात."

तिनं बल्ब जोडला. स्क्रू पिळले, दोनदा ओढून पाहिले, हात काढले आणि बटण दाबायला बाहेर गेली.

पायाला काहीतरी लागलं.

स्टूल. बटणाच्या बरोबर खाली, भिंतीला टेकून. तेच, आखूड पायाचं.

काळीज एकदम वर आलं, पण तिनं ते रेटून खाली बसवलं. दादानं सकाळी माळा आवरायला घेतलाच होता. भंगारात द्यायच्या वस्तू तो बाहेर काढून ठेवणारच. कुठे ठेवणार? पॅसेजमध्येच. यात काय आहे? काही नाही. फक्त बाकीच्या वस्तू बाहेरच्या दाराजवळ ढीग करून ठेवल्या होत्या, एकावर एक. आणि हे एकटंच इथे होतं. आणि त्याच्यावर धूळ नव्हती.

पुसलं असेल कोणी.

भंगारात द्यायची वस्तू कोण पुसतं, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही. बटण दाबलं आणि जवळजवळ पळतच खोलीत आली.

बल्ब विझलेला होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. पेट, असं ती मनातल्या मनात म्हणाली. मग तोंडानंही म्हणाली. "पेट ना." एखाद्या आजारी माणसाला ऊठ म्हणावं तसं. काचेतली तार साधी लालसुद्धा झाली नाही. ट्रान्सफॉर्मर शांत होता. कान नेला तर अगदी बारीक गुणगुण, झोपलेल्या मांजरासारखी.

तिनं बल्ब काढून टाकला आणि आकडे घेतले. मधल्या तारेपासून एका बाजूला साडेएकोणीस. दुसऱ्या बाजूला साडेएकोणीस. टोकापासून टोकाला एकोणचाळीस. अठरा-शून्य-अठराचा, म्हणजे मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना अठरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, भार नसताना अठराहून जेवढं थोडं जास्त दाखवायला हवं तेवढंच दाखवत होता, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या. मग बटण बंद करून लोखंड आणि तार यांच्यामधली गळती तपासली. थेंबभरही नाही. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत इतकी वर्षं यंत्रं हाताळली, पण इतकं स्वच्छ काम तिनं पाहिलं नव्हतं.

बाबांनी शेवटचं जे काही केलं, ते निर्दोष होतं.

तिनं टेबलावर डोकं ठेवलं आणि रडली. अभिमानानं नाही.

५

आई बाहेर निघाली होती. मावशीकडे जाते म्हणाली. भंगारवाला या वस्तू उचलून नेताना तिला बघायचं नव्हतं. चपला घालत होती.

"आई, ट्रान्सफॉर्मर चांगला आहे."

"मला माहितेय."

"तुला कसं माहीत?"

"त्यांनी केलेला होता. चांगलाच असणार." आईनं दुसरी चप्पल पायात सरकवली आणि तशीच वाकून उभी राहिली, कंबर धरून. मग सरळ झाली. "तुला हे कशाला उकरायचं होतं गं? दादा म्हणत होता ना फुटका आहे. राहू द्यायचं होतं तसंच. बरं चाललं होतं."

"काय बरं चाललं होतं? तू माझ्याशी धड बोलत नाहीस. माझ्या ताटात वाढतेस तेसुद्धा दुसरीकडे बघत."

आई दाराच्या कडीकडे बघत म्हणाली, "मी जिन्यात होते त्या दिवशी."

तिला वाटलं, आपण हे ऐकू नये. पण पाय हलले नाहीत.

"शेवटच्या वळणावर. पिशव्या खाली ठेवून दम खात होते. दार उघडंच होतं. आतून त्यांनी हाक मारली, तिकडे कोण आहे. आणि तू म्हणालीस, मी आहे."

"मी गच्चीवर होते!"

"मग टक्‌ झालं. लगेच. त्यांचं वाक्य आलंच नाही गं मधलं."

"आई, मी गच्चीवर होते. कपडे काढत होते. तुझी किंकाळी ऐकून खाली आले."

"असशील."

"असशील काय? होते!"

"तू वरून आलीस की आतून आलीस, ते मी बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते." आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आवाज जरा बारीक होता. धाप लागल्यासारखा. पण पोटच्या पोरीचा आवाज मला कळत नाही होय? लहानपणापासून ऐकत आले तेच दोन शब्द."

"आई..."

"मी कोणाला सांगितलं नाही. डॉक्टरांना नाही, पोलिसांना नाही, दादाला नाही. घरात कोणी नव्हतं, असं मीच सांगितलं. एवढं केलं मी तुझ्यासाठी. आता याहून जास्त माझ्याकडे मागू नकोस. तोंडाकडे बघून वाढ, असंही म्हणू नकोस."

दार लागलं. जिन्यावरून आईची पावलं खाली गेली. वळणावर थोडी थांबली, मग पुढे गेली.

६

तिनं आतून कडी घातली. मग खोल्या पाहिल्या, एकेक करून. स्वयंपाकघर, न्हाणीघर, आईची खोली, कपाटामागची फट. खिडक्यांमधून दुपारचं लख्ख ऊन येत होतं. इतक्या उजेडात माणूस कशाला घाबरतं, असं बाबा विचारायचे. बटण बंद आहे हे बोटानं चाचपून पाहिलं. स्टूल उचलून दाराजवळच्या ढिगावर, सगळ्यात वर, पालथं ठेवलं.

ट्रान्सफॉर्मर ती देणार नव्हती. तिला अपराधी ठरवणारी वस्तू होती ती, पण बाबांनी केलेली. काढून कपाटात लपवायची आणि भंगारवाला बाकीचं घेऊन जाईल तोवर गप्प बसायचं. मीटर लावून तिनं खात्री केली. शून्य. मग खुर्चीत बसली, जिथे बाबा बसायचे, आणि हात लांब करून मागचे दोन्ही पितळी स्क्रू धरले. एका हातानं एक सैल केला. दुसरा जाम होऊन बसला होता. त्याला नेट लावताना आधाराला दुसरा हात पहिल्या स्क्रूवर ठेवावा लागत होता. बाबांचेही हात असेच असणार, एका वेळी दोन्हीवर.

गच्चीवर आपण कुठले कपडे काढत होतो? तिनं आठवून पाहिलं. चादर होती. बाबांचा निळा शर्ट होता, त्याच्या खिशावर शाईचा डाग होता. दोरीला चिमटे होते. की हे दुसऱ्या कुठल्या दिवसाचं? झोपेत उत्तर देणाऱ्या मुलीला जागेपणी दिलेलं उत्तर आठवेलच असं कोण सांगेल? समजा, ती त्या दिवशी खाली आली असेल. समजा, हाक आली आणि तोंडानं सवयीनं म्हटलं असेल. बोटानंही सवयीनं. आणि पुढचं सगळं, चादर, शर्ट, दोरी, हे मनानंच नंतर शिवून दिलं असेल.

नाही. आई म्हणाली, बारीक आवाज. धाप लागलेला. आपला आवाज बारीक कुठे आहे? होता. कधीकाळी होता.

पॅसेजमध्ये खट्‌ झालं.

लाकडाचा आखूड पाय फरशीला टेकावा, तसं. मोठ्यानं नाही.

तिच्या मुठी आवळल्या. दोन्ही. पितळाच्या कडा बोटांत घुसल्या आणि तिला कळलं की आता हात काढायला हवेत, आत्ताच. आणि तिला हेही कळलं की ते निघत नाहीयेत. बोटं ऐकत नव्हती. नेहमीच्यासारखी. थोडं थांबलं, श्वास सोडला, की सुटतात. सुटतील.

खुर्चीतून बटण दिसत नव्हतं. दाराच्या फटीतून पॅसेजच्या फरशीचा एक पट्टा तेवढा दिसायचा, उन्हानं पिवळा झालेला. तिथे काही नव्हतं. मग त्या पट्ट्यावर एक छोटीशी सावली आली, टाचा उंच करून उभ्या राहिलेल्या पायांएवढी. आणि वर निघून गेली.

ढिगावरून स्टूल घसरलं असेल, असं तिचं डोकं म्हणालं. ऊन हललं असेल. डोकं शेवटपर्यंत बोलत होतं, बिचारं.

तिनं हाक मारली. मारायची असं ठरवलं नव्हतं. या खुर्चीत बसून, या स्क्रूंवर हात ठेवून जी हाक मारतात तीच बाहेर आली.

"तिकडे कोण आहे?"

काही नाही. लांब रस्त्यावर एक गाडी गेली.

बघ, कोणी नाही. उत्तर नाही म्हणजे कोणी नाही. तिच्या डाव्या हाताचं एक बोट सुटलं.

"कोण आहे तिकडे?"

शांत. आणखी एक बोट. तिला हसू यायला लागलं, रडवेलं. आईला ऐकू आलं ते खालच्या मजल्यावरचं असेल, रस्त्यावरचं, कोणाच्या तरी पोरीचं. संध्याकाळी आईला बसवून सांगायचं. मी हाक मारून पाहिली आई, रिकाम्या घरात हाक मारली, कोणी उत्तर दिलं नाही. मी नव्हते. कोणीच नव्हतं. आई एकदा तरी तोंडाकडे बघेल.

फक्त एकदा आणखी, खात्रीसाठी. कुलूप ओढून बघतात तसं.

"तिकडे कोण आहे?"

आणि पॅसेजमधून आवाज आला. बारीक, धाप लागलेला, लांबून पळत येऊन वर चढल्यासारखा, कधी एकदा शाबासकी मिळते याच्या घाईत असलेला. तो तिचा होता. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मी आहे."